कंपवात आणि घरातील माणसे

लंडन शहराच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकीकत होती, आणि त्या सहांपैकी तिघे तर त्यांना केवळ रस्त्यात आढळलेले होते. एकाला त्यांनी दुरूनच काय ते पाहिले होते. पुढे झुकलेले शरीर, स्वस्थ बसले असता थरथरणारा हात, चालता चालता आपोआप धावू लागणारी पावले, एवढ्या बाह्य खुणांवरून त्यांनी एका स्वतंत्र रोगाचे चित्र रेखाटले. ते इतके हुबेहूब उतरले की पुढे पॅरिसचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी त्या रोगाला पार्किन्सन यांचेच नाव द्यावे असे सुचविले. आपल्याकडे वैद्यांच्या परिभाषेत त्याला कंपवात म्हणतात, आणि मराठी घरांतून हाच शब्द रूढ आहे.

पार्किन्सन यांची दृष्टी चिकित्सकाची होती, म्हणून दुरून पाहूनही त्यांना पुष्कळ दिसले. सामान्य माणूस मात्र दोनशे वर्षे लोटल्यावरही या रोगाकडे रस्त्याच्या पलीकडून पाहावे तसाच पाहतो. त्याला हाताची थरथर दिसते आणि तेवढाच रोग असे तो समजतो. वस्तुतः थरथर हा या व्याधीचा सर्वांत ठळक, पण पुष्कळदा कमी त्रासदायक भाग होय. काही रुग्णांत तर ती मुळीच नसते. रुग्णाचे जगणे कष्टमय होते ते जे बाहेरून दिसत नाही, अथवा दिसूनही ज्याचा अर्थ भलताच लावला जातो, त्यामुळे. आणि असा भलता अर्थ लावणारी माणसे बहुधा परकी नसतात. ती त्याच्याच घरातील, त्याच्यावर माया करणारी माणसे असतात.

मेंदूच्या खालच्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. हे द्रव्य स्नायूंना बळ देत नाही. ते हालचालींना सहजपणा देते. निरोगी माणूस चालताना हात हलवावयाचे म्हणून हलवीत नाही, पापण्या मिटावयाच्या म्हणून मिटीत नाही, हसताना गाल वर न्यावयाचे असे ठरवीत नाही. ही सारी कामे त्याच्या नकळत होत असतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. लक्षणे डोळ्यांत भरण्याजोगी होतात तेव्हा त्यांतील निम्म्याच्या आसपास वा त्याहूनही अधिक पेशी गेलेल्या असतात. मग जे काम आपोआप होत असे, ते प्रत्येक वेळी हुकूम देऊन करवून घ्यावे लागते. सदऱ्याच्या पाच बटणांसाठी पाच स्वतंत्र हुकूम सोडावे लागणाऱ्या माणसाला आंघोळ करून कपडे घालीपर्यंत थकवा का येतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या रोगावरील औषधाच्या शोधात भारतातील दोन वनस्पतींचा संबंध यावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. पहिली सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरील तिच्या गुणांचे विवेचन केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचले तेव्हा ससे हालचालच करीनासे झाले. नंतर डोपा हे द्रव्य देताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. १९५७ च्या सुमाराच्या या प्रयोगांवरून डोपामीन आणि हालचाल यांचे नाते उघड झाले, आणि त्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. दुसरी वनस्पती खाजकुइली. कोकणात व गोव्यात रानोमाळ वाढणारी, शेंगेवरील लवेचा स्पर्श होताच अंगाची आग करणारी ही वेल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बियांतून डोपा हेच द्रव्य मद्रासचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली वेगळे काढून दाखविले होते. पण ते कशावर उपयोगी पडेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे होर्निकीविच आणि त्यांचे सहकारी यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची मोठी तूट असल्याचे दाखविले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझायस यांनी डोपा तोंडावाटे, थोड्या प्रमाणापासून वाढवीत नेऊन रुग्णांना दिले. खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली. तेच लेव्होडोपा आजही या रोगावरील मुख्य औषध आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खाजकुइलीच्या बियांची पूड बाजारात मिळते म्हणून ती गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनाने सुरू करणे धोक्याचे होय. पुडीपुडीतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, आणि कंपवाताच्या औषधात तर प्रमाण व वेळ यांवरच सारे अवलंबून असते.

लेव्होडोपाने ताठरपणा आणि मंदपणा कमी होतो, रोग मात्र थांबत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो रुग्णाची उरलेली दहा, पंधरा, वीस वर्षे कशी जातील याचा. जगण्याची प्रत मोजावयाची कशी, हे ठरविण्यासाठी ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी रुग्णांशीच सविस्तर बोलून ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रश्न वाचण्यासारखे आहेत. चारचौघांत खाणेपिणे टाळलेत का? आपला रोग लोकांपासून लपवावा लागतो असे वाटले का? बाहेर पडल्यावर पडण्याची भीती वाटली का? लोक आपल्याकडे दुर्लक्ष करतात असे वाटले का? हात किती थरथरतो, असा सरळ प्रश्न मात्र त्या एकोणचाळिसांत एकही नाही! पुढे २००२ साली सहा देशांतील रुग्णांच्या एका पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग कोणत्या पायरीवर आहे आणि औषध कोणते चालू आहे, यांपेक्षा रुग्णाच्या मनाच्या खिन्नतेचा त्याच्या जगण्यावर अधिक परिणाम होतो, असे त्यात आढळले. निदान सांगताना डॉक्टरांनी ते कसे समजावून दिले, याचाही प्रभाव वर्षानुवर्षे टिकतो, असेही दिसून आले.

ही खिन्नता सुमारे तिघांपैकी एका रुग्णाला ग्रासते. ‘एवढा रोग झाल्यावर माणूस उदास होणारच’, असे म्हणून तिची बोळवण केली जाते; परंतु तिचे मूळ अंशतः त्याच मेंदूतील द्रव्यांच्या तुटीत असते आणि पुष्कळांत ती थरथरीच्या आधीच येते. तिच्यावर उपचार आहेत. सांत्वन हा त्या उपचारांना पर्याय नव्हे.

आता घरातील गैरसमजांकडे वळावयाचे. त्यांत पहिला मान चेहऱ्याचा. चेहऱ्याचे स्नायू मंदावले की मुद्रा निर्विकार होते. नातू धावत येऊन परीक्षेचा निकाल सांगतो. आजोबांना आनंद होतो, पण तो गालांपर्यंत पोहोचत नाही. मुलगा हिरमुसतो. सुनेला वाटते, मामंजींना आपले काहीच आवडत नाही. पत्नीला वाटते, चाळीस वर्षांच्या संसारानंतर हे आपल्याशी तुटक वागू लागले. रुग्णाला या कशाचाच पत्ता नसतो, कारण आपण हसलो अशीच त्याची समजूत असते. चेहऱ्यावर विसंबू नये, विचारावे. आणि रुग्णानेही आपल्याला काय वाटले ते शब्दांनी सांगण्याची सवय लावून घ्यावी. एवढ्या साध्या तोडग्याने घरातील कितीतरी कडवटपणा निवळतो.

दुसरा गैरसमज याहून वाईट, कारण त्यात रुग्णाच्या सचोटीवरच संशय येतो. लेव्होडोपा सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे दिवसभर सारखा गुण येतो. पुढे, साधारण चारपाच वर्षांनंतर, बऱ्याच रुग्णांत गोळीचा अंमल तीनचार तासांत, कधी त्याआधीही, ओसरू लागतो. दहा वाजता जो गृहस्थ स्वतः उठून देवपूजा करतो, त्याला साडेबाराला पाटावरून उठवत नाही; दीडला गोळी लागू पडली की तो पुन्हा अंगणात फेऱ्या घालतो. पाहणाऱ्याला हे सोंग वाटते. ‘मनात आले की सारे जमते, कामाच्या वेळी तेवढे पाय जड होतात’, अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. पण हा चढउतार मनाचा नसून रक्तातील औषधाच्या प्रमाणाचा असतो. दिवसाच्या तासांसमोर ‘बरे’, ‘जड’ आणि ‘हातपाय आपोआप वळवळले’ एवढेच शब्द आठवडाभर टिपून ठेवले, तरी संशय फिटतो. आणि असा कागद डॉक्टरांना कोणत्याही तपासणीइतका उपयोगी पडतो, कारण त्यावरूनच त्यांना गोळ्यांच्या वेळा बदलता येतात.

गोळीची वेळ ही या रोगात औषधाइतकीच महत्त्वाची आहे. ब्रिटनमधील रुग्णांच्या संस्थेने २००६ मध्ये एक मोहीम हाती घेतली. तिची मागणी एवढीच होती की, इस्पितळात दाखल झालेल्या कंपवाताच्या रुग्णाला त्याची गोळी त्याच्या ठरलेल्या वेळी मिळावी, औषधांची गाडी फिरेल त्या वेळी नव्हे. मागणी क्षुल्लक वाटते. पण तासाभराच्या उशिराने चालता माणूस बिछान्याला खिळतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला तसे वाटणार नाही. म्हणून पाय मोडून किंवा ताप येऊन रुग्ण इस्पितळात गेला, तर गोळ्यांचे वेळापत्रक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून परिचारिकेच्या हाती द्यावे. गोळ्या एकाएकी बंद पडल्या तर तीव्र ताप, ताठरपणा आणि भ्रम येऊन जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘दोन दिवस औषधाला विश्रांती’ ही कल्पना मनातून काढूनच टाकावी.

आहाराचाही यात संबंध आहे. डाळ, दूध, दही, अंडी, मासे यांतील प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा यांना आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरण्याचे दार एकच आहे. दोघे एकाच वेळी दाराशी आले म्हणजे औषध मागे राहते. दुधाबरोबर गोळी घेण्याची आपल्याकडील जुनी रीत येथे घात करते. गोळी पाण्याबरोबर, जेवणापूर्वी अर्धा तास ते तासभर घ्यावी. मळमळत असेल तर सोबत एखादे साधे बिस्किट चालते. ज्यांना दुपारच्या वरणभातानंतर हमखास जडत्व येते, त्यांनी डाळी, दही, मासे यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यावा. प्रथिने सोडून देणे मात्र चुकीचे. या रोगात वजन आधीच घटते.

चालण्याचा प्रश्न सर्वांत कुतूहलाचा आहे. रुग्ण बोलत बोलत चालत येतो आणि दाराशी येताच त्याचे पाय जमिनीला खिळून बसतात. मागून कोणी तरी घाई करते, कोणी हात धरून पुढे ओढते, आणि तो तोंडघशी पडतो, कारण शरीर पुढे आले तरी पाय जागीच असतात. गंमत अशी की, सपाट जमिनीवर अडखळणारा हाच माणूस जिन्याच्या पायऱ्या सहज चढतो. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला चार पावले धड टाकता येत नव्हती. मात्र सायकलवर बसविले की तो तोल न जाऊ देता सफाईने चालवीत होता! याचे कारण असे की, आतून आपोआप येणारी चालना आटली असली तरी बाहेरून मिळणारी खूण मेंदू वेगळ्या वाटेने स्वीकारतो. पायरी, रेघ, ताल ही अशी खूण होय. जुन्या घरांतील शहाबादी फरशीच्या सांध्यांचा येथे फार चांगला उपयोग होतो. प्रत्येक सांधा ओलांडावयाचा असे ठरविले की पाऊल मोकळे पडते. नव्या गुळगुळीत फरशीवर दाराजवळ रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. खिळलेल्या माणसाला ओढू नये. त्याने क्षणभर थांबावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा, मनात ‘एक, दोन’ म्हणावे आणि मोठे पाऊल टाकावे. जवळच्याने हवे तर आपला पाय आडवा धरून तो ओलांडावयास सांगावे. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता बैल घाण्याभोवती फिरतो तसा मोठा वळसा घ्यावा. आणि तो चालत असताना त्याला प्रश्न विचारू नयेत. चालणे हेच त्याचे त्या क्षणीचे पूर्ण वेळेचे काम असते.

तालाचे बळ ओळखूनच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ साली मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने स्थानिक रुग्णांच्या मंडळासह कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालविले आहेत. पासष्टीच्या गृहस्थाने नाचावयाचे, ही कल्पना काहींना चमत्कारिक वाटते. पण ज्यांचे उभे आयुष्य भजनात टाळ वाजविण्यात गेले, त्यांना ठेका धरणे नवे नाही. टाळाच्या ठेक्यावर घरातल्या घरात फेऱ्या घातल्या तरी हेतू साधतो. व्यायामाच्या बाबतीत आता शंकेला जागा उरलेली नाही. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात योगासने व चित्ताची एकाग्रता यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासाने, साध्या ताणाच्या व बळाच्या व्यायामांच्या तुलनेत, चिंता आणि खिन्नता अधिक कमी झाली. चालण्यातील सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती. व्यायाम गोळीचा अंमल चालू असतानाच्या वेळी करावा, एवढे पथ्य पुरे.

आवाज बारीक होतो तो गैरसमजही विलक्षण आहे. रुग्णाला स्वतःचा आवाज नेहमीइतकाच मोठा ऐकू येतो, आणि घरचे सारे बहिरे झाले असे त्याला वाटते. घरच्यांना तो पुटपुटतो असे वाटते. ‘ओरडल्यासारखे बोला’ एवढीच एक सूचना मनाशी धरून रोज वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचावा. पाठ असलेले श्लोक खणखणीत म्हणावेत. फोनवर बोलणे टाळू नये. गिळण्यात अडचण येऊ लागली, जेवताना ठसका वारंवार लागू लागला, तर ती गोष्ट डॉक्टरांना तत्काळ सांगावी. अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हा या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. ताठ बसून, लहान घास, आणि घास तोंडात असता बोलणे नाही.

घराची मांडणी थोडक्यात सांगता येईल. जमिनीवरील बैठक आणि पाट यांऐवजी हात असलेली उंच खुर्ची, शौचकूपात भिंतीला घट्ट बसविलेली दांडी, न्हाणीघरात बसावयास चौकी, लेंग्याच्या नाडीऐवजी रबरी पट्टी, पातळ सतरंज्या आणि पायपुसणी यांची उचलबांगडी. पलंगावरून एकदम उठू नये. रक्तदाब उतरून भोवळ येते. बद्धकोष्ठ हा रोगाचाच भाग आहे, तेव्हा पाणी, पालेभाज्या, फळे यांत कसूर नको. कोठा साफ नसेल तर गोळीही नीट लागू पडत नाही.

अधिक जपावयाचे ते भलत्या औषधांपासून. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीवरील औषधे, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन ही चक्कर व अर्धशिशीवरील औषधे, हॅलोपेरिडॉल हे भ्रमावरील औषध, ही सर्व मेंदूतील डोपामीनचे कार्य अडवितात किंवा मंदावतात. कंपवाताच्या रुग्णाला ती वर्ज्य होत. इतकेच काय, चांगल्या माणसाने चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने चालू ठेवल्या तर त्यालाच कंपवातासारखी लक्षणे होतात, आणि मग त्या लक्षणांवर आणखी गोळ्या सुरू होतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळी आणण्याची चाल आहे. तेव्हा ही नावे घरातील कपाटाच्या दारावर लिहून ठेवावीत.

काही गोष्टी लाजेपोटी बोलल्याच जात नाहीत. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराची, अनावर खरेदीची किंवा अन्य वासनांची ओढ लागते. जन्मभर काटकसरीने राहिलेला गृहस्थ एकाएकी लॉटरीची तिकिटे घेऊ लागला, तर तो बिघडला असे घरचे म्हणतात आणि झाकपाक करतात. औषध कमी करताच हे बहुधा ओसरते. पण त्यासाठी डॉक्टरांच्या कानावर तर गेले पाहिजे. तीच गोष्ट भासांची. संध्याकाळी कोपऱ्यात कोणी बसलेले दिसते, भिंतीवर मुंग्या दिसतात, गेलेली आई उंबऱ्यात उभी दिसते. अशा वेळी अंगारा आणि मांत्रिक यांत आठवडे जातात, आणि इकडे जे औषध कमी करावयास हवे ते चालूच राहते. झोपेत ओरडणे व हातपाय झाडणे हेही रोगाचेच अंग आहे. शेजारी निजणाऱ्या पत्नीला मार बसतो आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. तेथे रागाचे कारण नाही, बिछाना वेगळा करण्याचे मात्र आहे.

मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य ठोके देण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे बेनाबिद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ पासून विकसित केली. मुंबई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम येथे ती होते. जिच्याविषयी सर्वाधिक विचारणा होते अशी ही गोष्ट, पण ती सर्वांसाठी नव्हे. ज्यांना लेव्होडोपाचा गुण येतो पण तो टिकत नाही, अशा निवडक रुग्णांना तिचा लाभ होतो. तोल, आवाज आणि स्मरण यांवर ती सहसा उपयोगी पडत नाही, आणि खर्च मोठा असतो.

कायद्याने या रुग्णांची दखल घेतली आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. भारत सरकारच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात कंपवाताचा नावानिशी समावेश आहे. त्यानुसार अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि प्रमाण ४० टक्के वा अधिक ठरल्यास कायद्यातील पुष्कळ सवलती लागू होतात. नोकरीत असतानाच रोग जडलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. कारण हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग नव्हे, चाळिशीतही तो गाठतो. मुष्टियोद्धा महंमद अली यांना १९८४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, निदान सांगण्यात आले. बारा वर्षांनी अटलांटा येथील ऑलिंपिकची ज्योत त्यांनी पेटविली. त्यांचा हात जगासमोर थरथरत होता आणि त्यांनी तो लपविला नाही.

लपविणे ही मात्र पुष्कळांची पहिली प्रतिक्रिया असते. हात खिशात जातो. मग लग्नमुंजींची आमंत्रणे नाकारली जातात, कारण पंगतीत आमटी सांडेल. मग देऊळ सुटते, मग पत्त्यांचा डाव सुटतो. रोगाने जितके हिरावून घेतले नसेल तितके या माघारीत जाते. यावर रुग्णांनी रुग्णांना भेटणे हा उत्तम उतारा ठरला आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांनी आणि त्यांच्या आप्तांनीच उभे केले आहे. मुंबईत मज्जाविकारतज्ज्ञ भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था मुंबईबाहेरच्या शहरांतही व्यायाम, वाचा आणि सल्ला यांचे गट चालविते. अशा सभेत चहाचा कप अर्धाच भरलेला असला, बशीत थोडा सांडला, तरी कोणी वळून पाहत नाही. जेथे अशी सोय नाही त्या गावी चार कुटुंबांनी महिन्यातून एकदा एखाद्याच्या ओसरीवर जमण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी राहते ती सांभाळणारी व्यक्ती. बहुधा ती पत्नी असते, स्वतःही साठीसत्तरीची, गुडघ्यांनी आणि रक्तदाबाने त्रासलेली. रात्री कूस वळविण्यासाठी दोनतीनदा तिला उठावे लागते. रेशमी किंवा सॅटिनच्या चादरीवर अंग सहज सरकते आणि त्यांतील एखादे उठणे वाचते. रात्री उशिरा लागू पडणारी गोळी देता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे. पण खरी निकड आहे ती तिच्या सुटीची. आठवड्यातून एक दुपार मुलाने, सुनेने, शेजाऱ्याने वा पगारी माणसाने रुग्णापाशी बसावे आणि तिला मैत्रिणीकडे, देवळात, हव्या त्या ठिकाणी जाऊ द्यावे. गोळ्यांच्या वेळा, वर्ज्य औषधांची नावे, पाय खिळल्यास काय करावयाचे, ही माहिती त्या दुसऱ्या माणसालाही असली पाहिजे. आणि ती तिने आजारी पडल्यावर नव्हे, तर रुग्ण अजून स्वतःच्या पायांनी हिंडत आहे तोवरच, त्याच्याच तोंडून दिली जावी.